एक नोंद, दोन कागद

म्हशीची तारीख चुकली की माणूस किती चिडतो, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. मला ते दूध संघाच्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात कळलं. सकाळी कचेरी नुकती उघडली होती. एक शेतकरी सायकल भिंतीला आपटून आत आला, माझ्या टेबलावर पोस्टकार्ड ठेवलं आणि सुरूच झाला.

"हे बगा, हितं काय लिवलंय? गुरवारी डॉक्टर येणार. गुरवारी म्या रान सोडून, म्हस दारात बांधून दिवसभर बसलो. शेजारपाजारचं इचारत्यात, पावणं येणार हायत का? डॉक्टर आलाच न्हाई! आन आला कवा? त्येच्या म्होरल्या मंगळवारी! तवा म्हस व्हती वड्याला!"

"मग डॉक्टरांनी काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? माझ्या आईची नाडी बगून गेला!"

कचेरीतले सगळे हसले, शेवटी तोही हसला. पण जाताना म्हणाला, "हसू नगा. म्हस उलटली आसंल तर माझं आख्खं वेत मागं पडलं." ते मात्र खरं होतं. उलटली म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर आली. म्हैस भरवली की तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर आली का ते बघायचं आणि पुढं अडीच-तीन महिन्यांनी ती गाभण आहे की नाही ते डॉक्टरांनी तपासायचं. ही तपासणी चुकली तर रिकामी म्हैस वैरण खात उभी राहते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

गोंधळ कशानं होतो ते शोधायला मला दोन दिवस पुरले. डॉक्टर रोज संध्याकाळी आपली नोंदवही आणून द्यायचे. त्या वहीवरून कचेरीतले मोठे क्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, शेतकऱ्यांना कार्डं लिहायचे. त्याच वहीवरून दुसरा एक जण भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं डॉक्टरांची फिरती लिहायचा. दोघं वेगवेगळ्या वेळी लिहायचे, वेगवेगळा विचार करून लिहायचे. एकाचं कार्ड पोस्टात पडायचं तोवर दुसऱ्यानं फळा पुसून वार बदललेला असायचा. शेतकऱ्याच्या हातात एक वार, डॉक्टरांच्या डोक्यात दुसरा. भांडण व्हायचं ते दारातल्या म्हशीपुढं.

मी ह्या कचेरीत कशी आले ते सांगते. मी रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातली. दादा, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या गँगमध्ये डांबराच्या कढईजवळ काम करायचे. आई लोकांच्या रानात भांगलायला, तण काढायला जायची. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. वस्तीतल्या विहारात ट्यूबलाइट होती, तिथं बसून मी अभ्यास केला आणि साताऱ्याला एसटीनं ये-जा करून बी.कॉम. झाले. निकालाच्या दिवशी दादा पेढे घेऊन थेट रस्त्यावर गेले आणि डांबराच्या हातांनीच त्यांनी मुकादमाला पेढा दिला. मुकादमानं तो खाल्ला. हे दादा अजून सांगतात, पेढ्यापेक्षा त्या खाण्याचं त्यांना जास्त वाटतं.

पुढं साताऱ्यातच एका क्लासमध्ये संगणक शिकले. एका यंत्रावर चौघं बसायचो. बोटं टेकायला मिळायची ती थोडा वेळ, म्हणून मी प्रोग्राम घरी वहीत लिहून, तोंडानं वाचून, चुका काढून न्यायचे. बाकीचे तिथं बसून विचार करायचे, मी नुसतं टाइप करायचे आणि माझं चालायचं. सांगली जिल्ह्यातल्या ह्या दूध संघात संगणक आलाय आणि माणूस पाहिजे असं कळलं तेव्हा अर्ज केला. पलूसला मावशी होती, तिच्याकडं राहायची सोय झाली. नेमणूक रोजंदारीवर. वर्ष नव्वदच्या दशकातलं मधलं. यंत्र होतं, त्यात मराठी उमटायची सोय होती, सुया आपटत कर्रकर्र करणारा प्रिंटर होता. आणि ह्या सगळ्यावर कापड घालून ठेवलेलं होतं, कारण त्याचं काय करायचं ते कुणालाच ठरवता येत नव्हतं.

मी सरळ चेअरमनसाहेबांकडं गेले. चेअरमन म्हणजे एकेकाळचे पैलवान. कान चुरगळलेले, आवाज मोठा, बसले की खुर्ची कुरकुरायची.

"साहेब, कार्डं लिहिणं आणि फिरती लावणं ही दोन कामं नाहीत. एकच काम आहे. नोंद एकदा करायची, तिच्यातनंच शेतकऱ्याचं कार्ड निघेल आणि तिच्यातनंच डॉक्टरांचा फिरतीचा कागद निघेल. मग वार दोन्हीकडं एकच राहील."

"मशीन म्हशीचं काय सांगणार, पोरी?"

"मशीन म्हशीचं काही सांगणार नाही. आपण सांगितलेलं विसरणार नाही, एवढंच."

"बरं. दिवाळीच्या अगोदर संचालकांची मीटिंग हाय. तवर करून दाव. डॉक्टरची एक फेरी जरी बिनबोभाट झाली तरी मी मीटिंगीत बोलतो. मशीन तुज्याकडंच ऱ्हाईल आन तूबी कायम होशील. न्हाई जमलं तर मशीन हिशेबाकडं द्यायचं ठरलंय. त्येन्ला त्येंचा माणूस हाय."

म्हणजे मी घरी. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण मी काही बहिरी नव्हते. बी.कॉम. होऊन पोरगी परत भांगलायला आली, हे आईला वस्तीत ऐकावं लागलं असतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

कामाला लागले. पहिली अडचण यंत्राची नव्हतीच. भाऊसाहेब चष्मा वर करून म्हणाले, "बाई, हे शब्द तुम्ही टाइप करणार? माज, गाभण, अन् काय काय. आम्हाला ऐकायला कसंसंच होतं."

"मग ऐकू नका, भाऊसाहेब. म्हशीला त्याची लाज वाटत नाही, मला का वाटावी?"

आवक-जावक टेबलावरचे हवालदार मोठ्यानं हसले. हवालदार म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन आलेले, आमच्या साताऱ्याकडचेच. कार्डांवर शिक्के मारणं, टपाल पोस्टात टाकणं त्यांच्याकडं. मला ते 'मॅडम' म्हणायचे, माझ्या बापाच्या वयाचे असून. पहिल्यांदा मी म्हटलं, "आवं, मॅडम कशाला?" तर म्हणाले, "ज्याच्या हातात मशीन, तो साहेब. फौजेत असंच असतंय."

डॉक्टरांजवळ बसून मी सगळं विचारून घेतलं. कुठल्या गावाला कुठल्या वारी जाता, आधी कुठलं गाव घेता, जीप कुठपर्यंत जाते, चालायचं कुठून. मग प्रत्येक गावाचा बाजारवार वेगळा लिहून घेतला, कारण बाजारादिवशी घरात माणूस सापडत नाही. तपासणीची तारीख निघाली की यंत्रानं ती त्या गावाच्या फेरीच्या वारावर न्यायची, बाजारवार असेल तर पुढं ढकलायची. त्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी कार्ड छापायचं. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा कागद छापायचा, गावांच्या ओळीनं, घरांच्या ओळीनं. डॉक्टरांनी तपासलेल्या म्हशीपुढं बरोबरची खूण करून संध्याकाळी कागद परत द्यायचा. खूण नसलेलं काम यंत्र टाकून देणार नाही. ते पुढच्या फेरीत आपोआप येणार, त्याचं नवं कार्ड आपोआप निघणार. काम झाल्याशिवाय ती ओळ सुटणार नाही.

हे शेवटचं मला सगळ्यात आवडलं होतं. क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. माझं मलाच सुचलं होतं, एसटीत उभ्या उभ्या.

छपाईच्या दिवशी मात्र कार्डं अडकायला लागली. साधा कागद सरळ जायचा, पण पोस्टाचं कार्ड जाड. वरचा डावा कोपरा पट्टीत अडायचा आणि अख्खं कार्ड तिरपं होऊन चुरगळायचं. दुपारपर्यंत आम्ही झगडलो. मग हवालदारांनी कात्री काढली, एका कार्डाचा तो कोपरा बारीकसा तिरपा कापला आणि म्हणाले, "आता घाला, मॅडम." कार्ड सुळ्ळकन आत गेलं आणि छापून बाहेर आलं. पुढचंही. त्याच्या पुढचंही.

"प्रॉब्लेम सॉल्व्ह!" हवालदारांनी टाच वाजवली. त्यांनी भराभर कोपरे कापले, मी भराभर छापलं. काळी कुळकुळीत सरळ अक्षरं, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव, गाव, म्हैस आणि वार. गठ्ठा हातात धरून मी तो भाऊसाहेबांच्या टेबलासमोरून मुद्दाम सावकाश नेला. त्या वेळी आमच्या दोघांच्या डोक्यात छपाई सोडून दुसरं काही नव्हतं.

ज्यानं खेड्यात दिवस काढलेत त्याला आत्ताच कळलं असेल. आम्हाला कळायला कार्डं पोचावी लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडलच्या बाजूला जाणारा दुधाचा टेम्पोवाला कॅन न उतरवताच आत आला. "मॅडम, काय धाडलंसा वो तुमी गावात? घरोघरी रडारड चाललीया!"

"कसली रडारड?"

"कार्डांचा कोपरा का कापला? मैताचं कार्ड आलं म्हणून बायका दारात बसून रडाय लागल्यात!"

हवालदारांच्या हातातला शिक्का तसाच वर राहिला. आमच्याकडं मयताचं कार्ड पाठवताना त्याचा कोपरा फाडतात. अक्षर वाचायच्या आधी माणसाला कळावं म्हणून. तसलं कार्ड कुणी घरात नेत नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचतात, तिथंच फाडून टाकतात आणि डोक्यावरून आंघोळ करतात. मला हे ठाऊक होतं, हवालदारांना ठाऊक होतं, कचेरीतल्या खुर्च्यांनासुद्धा ठाऊक असेल. पण कोरी कार्डं गठ्ठ्यानं समोर असली की ती नुसती कार्डं दिसतात.

टेम्पोवाला सांगत होता. "एका म्हातारीचं पोरगं मिल्ट्रीत हाय. कार्डाचा कोपरा बगितला आन तिनं हंबरडाच फोडला. गल्ली गोळा झाली. शेजारची पोरगी शाळेतनं आली तवा तिनं वाचलं, 'आपली म्हैस गुरुवारी तपासणीसाठी दारात बांधून ठेवावी.' तर म्हातारी म्हणती, अगं नीट वाच, मिल्ट्रीवालं म्हशीचं कशाला लिवतील!"

मी हसू आवरून विचारलं, "बाकीच्यांनी कार्डं वाचली ना?"

"कुणी वाचली, कुणी न वाचताच फाडली. आता कुठल्या वारी काय, कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

फेरी दुसऱ्याच दिवशी होती. मीटिंग त्याच्या पुढच्या दिवशी. म्हशी दारात नसल्या तर डॉक्टर रिकामे परत येणार आणि माझं यंत्र हिशेबाकडं जाणार.

हवालदार उभे राहिले. "मॅडम, कात्री माझी. मी सायबास्नी सांगून टाकतो."

"कात्री तुमची, मशीन माझं. बसा तुम्ही. सांगायचं नंतर, आधी निस्तरू."

तेवढ्यात भाऊसाहेबांनी पेनला टोपण लावलं आणि कुणाकडं न बघता म्हणाले, "काय बोलायचं आता. मैताचे सांगावे पोचवायचं काम काहींच्या रक्तातच असतंय म्हणायचं."

ते वाक्य कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. माझा आजा गावकीत होता. गावात कुणी गेलं की पाहुण्यांच्या गावोगाव पायी जाऊन मयताची बातमी सांगायचं काम आमच्या लोकांवर लादलेलं. उन्हापावसात जायचं, दाराबाहेर उभं राहून सांगायचं, कुणी भाकरी टाकली तर पदरात घ्यायची. धम्म घेतल्यावर आज्यानं ते काम सोडलं. गावानं त्याला बोलावणं बंद केलं, दळण बंद केलं, तरी तो पुन्हा गेला नाही. आमच्या घरात ही गोष्ट पराक्रमासारखी सांगतात आणि ती आहेच तशी.

मी उठून भाऊसाहेबांच्या टेबलासमोर गेले. आवाज चढवला नाही.

"भाऊसाहेब, माझ्या आज्याला ते काम लोकांनी लावलं होतं, आणि त्यानं ते स्वतः सोडलं. मी हे काम शिकून मिळवलंय आणि सोडणार नाही. माझी बातमी कुणाच्या मरणाची नाही, होणाऱ्या वासराची आहे. आज कोपऱ्यानं घोळ केला, तो संध्याकाळपर्यंत मी काढते. तुम्ही फक्त मला कोऱ्या कार्डांच्या कपाटाची किल्ली द्या."

त्यांनी किल्ली दिली. माझ्याकडं बघितलं नाही, पण दिली.

आता माझ्या यंत्राचं खरं काम सुरू झालं. हातानं लिहिलेली कार्डं असती तर वही उघडून पहिल्यापासून बसावं लागलं असतं आणि फेरी बुडालीच असती. इथं नोंद आत बसलेली होती. कार्डं फाटली होती, नोंद फाटली नव्हती. मी यंत्राला उद्याच्या फेरीतली गावं सांगितली आणि सगळी कार्डं पुन्हा मागितली. कोपरा न कापता ती प्रिंटरात कशी घालायची, तेवढंच राहिलं. ते हवालदारांनी सोडवलं. त्यांनी प्रिंटरच्या लांब कागदाला ब्लेडनं चिरा पाडल्या आणि फोटो अल्बमात बसवतात तसं कार्ड त्या चिरांत बसवलं. कागद ओढला जायचा, त्याच्या पाठीवर बसून कार्डही जायचं, सगळे कोपरे शाबूत. "स्ट्रेचर केलंय कार्डाला," ते म्हणाले.

तरी मला भीती होती. एकदा ज्या कार्डानं रडवलं, तसलंच दुसरं बघून माणसं आधी दचकणार. मी हवालदारांना शेजारच्या दुकानात पाठवून हळद-कुंकू मागवलं. लग्नपत्रिकेला लावतात तसं प्रत्येक कार्डाच्या चारी कोपऱ्यांना लावायला बसले. सांगलीच्या मुलखात हळदीला काय तोटा. आमची बोटं पिवळी झालेली असतानाच चेअरमन आत आले. गावातून त्यांच्या कानावर सगळं आलेलं होतं, चेहरा रागानं फुगलेला. पण टेबलावरचा तो थाट बघून थबकले.

"हे काय? कुणाचं लगीन काढलंय?"

"म्हशींचं, साहेब," हवालदार बोलून गेले.

चेअरमन हसायचं नाही म्हणून मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "हे बग पोरी. उद्या फेरी फसली तर परवा मीटिंगीत मला तोंड उघडाया जागा न्हाई."

"मला माहीत आहे, साहेब. संध्याकाळच्या टेम्पोबरोबर मी स्वतः जाते. दूध घालायला सगळे डेअरीत येतातच. कार्ड हातात देते, वाचून दाखवते."

"तू जाणार? लोक शिव्या घालत्याल."

"घालू देत. शिव्या घालायला तरी येतील ना, तेवढ्यात कार्ड देते."

संध्याकाळी मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर कार्डांचा गठ्ठा. पहिल्याच गावच्या डेअरीपुढं किटल्या घेऊन रांग लागलेली. टेम्पोवाल्यानं आधीच ओरडून ठेवलं, "कार्डवाल्या मॅडम आल्यात रं!" मग काय, सगळे माझ्याकडंच वळले. एक जण म्हणाला, "बाई, म्या थंड पाण्यानं आंघोळ केली की वो तुमच्या पायी! सर्दी झाली!" दुसरा म्हणाला, "त्येला वरसातनं एकदा तरी आंघोळ घडली, लय उपकार झालं." हशा झाला आणि तिथून पुढं सगळ्या गावांत सोपं गेलं. मी एकेकाचं नाव वाचत गेले, हळदीचं कार्ड हातात देत गेले, वार सांगत गेले. "उद्याच बरं का, दारात बांधायची, वड्याला न्यायची नाही."

शेवटी एक म्हातारी पुढं आली. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, किटली खाली ठेवून तिनं मला खालून वर बघितलं.

"तूच व्हय ती?"

"होय आजी. चुकलं आमचं."

"चुकलं म्हणती. माझं काळीज बंद पडलं आस्तं म्हंजे? म्हशीच्या पोटाची बातमी आन मैताचं कार्ड! शिकल्या-सवरल्यांनी असं करावं व्हय?"

मी कार्ड पुढं केलं. तिनं कार्ड घेतलं, चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, हळद अंगठ्याला लागली ती कपाळाला लावली.

"आता एक काम कर. असलंच एक कार्ड माज्या पोराला धाड. म्हणावं आई बरी हाय, उद्या म्हस तपासायची हाय. आन हळद लावून धाड."

ते कार्ड मी रात्रीच मावशीकडं हातानं लिहिलं. मशीनचं ते काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जीपनं गेले आणि मी खिडकीजवळ बसून राहिले. हवालदार विनाकारण टपालाचे गठ्ठे बांधत आणि सोडत होते. दुपार कलल्यावर जीप आली. डॉक्टर उतरले ते हसतच. "अहो, गावात शिरलो तर दारोदार म्हशी उभ्या! निम्म्यांच्या कपाळाला कुंकू! मला वाटलं बैलांचा बेंदूर आहे की काय." त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवला. वरपासून खालपर्यंत खुणा. एका ओळीपुढं तेवढी खूण नव्हती. ती म्हैस मालकानं आटपाडीला मेव्हण्याकडं दिली होती.

मी ती नोंदही घातली आणि ती ओळ कायमची काढली. बाकीच्यांतल्या गाभण निघालेल्यांची पुढची तारीख, म्हणजे वेताची, यंत्रानं आपोआप धरली. हे घडताना डॉक्टर माझ्या मागं उभं राहून बघत होते. "म्हणजे आता मला फळा बघायला नको?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "फळा पुसून टाका, डॉक्टर." त्यांनी ओल्या फडक्यानं तो खरंच पुसला.

मीटिंगीला आत चहा घेऊन हवालदार गेले आणि बातमी घेऊन बाहेर आले. "पास, मॅडम! मशीन हितंच ऱ्हाणार. एका संचालकानं कोपऱ्याचा इषय काढला, तर चेअरमन म्हणलं, रडल्या त्याच बायकांनी म्हशी दारात आणून बांधल्या, आता बोला."

"आणि माझं?"

"कायम करायचं ठरलंय. आदेश निघंल म्हणलं."

आदेश निघाला नाही. दिवाळी झाली तरी नाही. चेअरमनांच्या मागं शंभर कामं, सकाळी एका गावात, दुपारी सांगलीत, संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नात. मी दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा म्हणाले, "करतो की गं." खोटं बोलत नव्हते, विसरत होते.

मग एक दिवस ते स्वतःच म्हणाले, "डॉक्टरला कागद देतीस, शेतकऱ्यास्नी कार्ड देतीस. मलाबी एक दे. कुठं कवा जायचं, कशावर सही करायची. माज्या बी ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर कागद ठेवायला लागले. पहिल्या ओळीत मीटिंग, दुसरीत लग्न, आणि शेवटच्या ओळीत: 'संगणक विभाग, रोजंदारी कर्मचारी, कायम नेमणुकीच्या आदेशावर सही.' खाली छापलेला आदेशही जोडून ठेवला. त्यांनी वरच्या कामांवर खुणा केल्या, शेवटची ओळ राहिली. दुसऱ्या दिवशी नवा कागद, नवी कामं, शेवटी तीच ओळ. तिसऱ्या दिवशी तीच. यंत्र आपलं काम करत होतं.

असे बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी त्यांच्या खोलीतून हाक आली. "अगं ए पोरी! ही शेवटची वळ जाईना व्हय ह्या मशीनीतनं?"

"सही झाल्याशिवाय जात नाही, साहेब. डॉक्टरांचीही जात नाही."

ते इतके हसले की खुर्ची वाजली. पेन काढून सही केली आणि हाक मारली, "भाऊसाहेब! शिक्का आणा." भाऊसाहेबांनी शिक्का आणला, आदेश शेवटपर्यंत वाचला, शिक्का सरळ बसावा म्हणून खाली दोन कागद घातले आणि नीट दाबून मारला. "छपाई स्वच्छ आहे," एवढंच म्हणाले.

मी टेबलाशी आले आणि त्या ओळीपुढं माझ्या हातानं खूण केली. दुसऱ्या दिवशी चेअरमनांच्या कागदावर ती नव्हती. तिच्या जागी नवीन काम होतं, त्यांनीच आदल्या संध्याकाळी सांगितलेलं: आटपाडीच्या केंद्रात संगणक बसवणे, तिथल्या माणसांना शिकवणे. आणि त्यापुढं, कोण जाणार त्या रकान्यात, माझं नाव.